सिस्टर, मुलीला हायतीला जाऊ द्यावं का?

कॅरिबियन समुद्रातल्या हायती देशाच्या आर्तिबोनित खोऱ्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्यावर मी गेल्या अंकात लिहिलं होतं. तिथे मी बरीच वर्षं नर्स होते. सशस्त्र टोळ्या खोऱ्यात शिरल्यावर आमच्या धर्मसंस्थेने परदेशी धर्मभगिनींना परत बोलावलं, तेव्हा मीही परतले. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तर देते. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : जय ख्रिस्त, सिस्टर. माझी मुलगी धर्मभगिनी आहे, तिचं नर्सिंग झालं आहे. हायतीला जायला कोण तयार आहे, असं संस्थेने विचारलं आणि हिने होकार कळवला. तिथल्या अपहरणांच्या बातम्या वाचून माझी झोप उडाली आहे. तिला ‘नको’ म्हणायचा मला हक्क आहे का? तुमची आई तेव्हा काय म्हणाली होती? (एक आई)

उत्तर : ताई, हक्क आहे. मुलीने व्रतं घेतली म्हणून आईचं आईपण सुटत नाही. तुमची भीती अनाठायी आहे, असंही मी म्हणणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळच्या क्रोआ-दे-बुके भागात धर्मगुरू आणि धर्मभगिनींना पळवून नेलं होतं. त्याच वर्षी जुलैत राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची त्यांच्या घरात हत्या झाली आणि ऑक्टोबरमध्ये एका अमेरिकी मिशनच्या १७ जणांना, त्यांत लहान मुलंही होती, टोळीने ओलीस धरलं. शेवटचे ओलीस सुटेपर्यंत डिसेंबर उजाडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजधानीतलं मदर तेरेसांच्या भगिनींचं कॉन्व्हेंट, म्हणजे त्यांचा मठ, आणि त्याला लागून असलेला दवाखाना लुटून जाळला गेला. याच भगिनींकडे गोरगरीब वर्षानुवर्षं फुकट उपचार घेत होते.

तेव्हा ‘देवाचं काम करणाऱ्याला कोण हात लावणार?’ असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर ते मानू नका. लावतात. सिस्टर लुइसा देल’ओर्तो या इटालियन भगिनी हायतीत वीस वर्षं राहिल्या. राजधानीतल्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी त्या ‘काय शाल’ नावाचं घर चालवत. २५ जून २०२२ रोजी भर रस्त्यात त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात त्या गेल्या. त्यांच्याविषयी बोलताना काही जण हौतात्म्याचं असं वर्णन करतात की ऐकणाऱ्या तरुण मुलींना मरणाचीच ओढ लागावी. मला ते मुळीच आवडत नाही. सिस्टर लुइसा मरायला नव्हे, त्या मुलांना शिकवायला गेल्या होत्या आणि वीस वर्षं त्यांनी शिकवलं. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे.

म्हणून ‘नको’ म्हणण्याआधी मुलीला आणि तिच्या सुपिरियरना, म्हणजे संस्थेतल्या वरिष्ठ भगिनींना, काही गोष्टी स्पष्ट विचारा. आईने असं विचारण्यात कसलाही अपमान नाही. नेमणूक राजधानीत आहे, उत्तरेला की दक्षिणेला? धोका सगळीकडे सारखा नसतो, महिन्यागणिक बदलतो. ती ज्या घरात राहणार त्याची प्रमुख हायतीची भगिनी आहे की परदेशी? निघायचं का थांबायचं, हा निर्णय संकटाच्या दिवशी कोण घेणार? हजारो मैलांवरचं मुख्य कार्यालय, की तिथल्या रस्त्यावर रोज वावरणारी माणसं? कामाला हात लावण्याआधी तिथली क्रेओल भाषा शिकायला तिला पुरेसे महिने मिळणार आहेत का? आणि हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : विमानात बसायच्या आदल्या दिवशी ती ‘मला जमणार नाही’ म्हणाली, तर तिला कुणी कमी लेखणार तर नाही ना? आज्ञापालनाच्या व्रताआड भीती दडवायला लावणारी संस्था तिथे माणसं पाठवण्याच्या लायकीची नाही.

हेही माहीत असू द्या की हायतीत आपला दूतावास नाही, शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगोहून ते काम चालतं. मार्च २०२४ मध्ये परिस्थिती हाताबाहेर गेली, तेव्हा भारत सरकारने ‘ऑपरेशन इंद्रावती’ करून आपल्या माणसांना तिकडे हलवलं. पहिल्या दिवशी १२ जण निघाले. मुलीचं नाव दूतावासात नोंदवायला पहिल्याच आठवड्यात सांगा.

माझ्या आईने एवढंच विचारलं होतं, ‘तिथे तुझ्याकडे बघणार कोण?’ मी संस्थेचं नाव सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि बरोबरच होतं, संस्था काही रात्री उशाशी बसत नाही. पहिल्याच पावसाळ्यात मला मलेरिया झाला. आमच्या दवाखान्याची मुख्य परिचारिका त्याच खोऱ्यातली, पाच मुलांची आई. ती रोज संध्याकाळी स्वतःच्या घरून कच्च्या केळ्याची लापशी करून आणायची आणि वाडगं रिकामं होईपर्यंत समोरून हलायची नाही. हे मी आईला फोनवर सांगितलं. त्यानंतर आईच्या प्रत्येक फोनमध्ये आधी त्या बाईची खुशाली, मग माझी. ताई, तुमच्या मुलीकडे बघणारं असं माणूस तिथे असेल का, याचा शोध घ्या. असेल, तर तिला जाऊ द्या.

प्रश्न : सिस्टर, तुमचा लेख आम्ही युवक मंडळात वाचला. हायतीसाठी कपडे, औषधं, तांदूळ, खेळणी गोळा करून पाठवायचं ठरतंय. शिवाय तिथल्या एका अनाथाश्रमाला दरमहा मदत द्यावी, असाही विचार आहे. कुठे पाठवायचं? (युवक मंडळाचे कार्यकर्ते)

उत्तर : मुलांनो, तुमची कळकळ खरी आहे, म्हणून मीही मनापासून सांगते : यांपैकी काहीच पाठवू नका. तुम्हाला निरुत्साही करायचं नाही, पण हायतीच्या वाट्याला आलेल्या मदतीचा इतिहास तुम्ही ऐकलाच पाहिजे.

डुकरांपासून सुरू करते. हायतीच्या शेतकऱ्याकडे काळं, काटक गावठी डुक्कर असायचं. खरकटं, सालं, पडलेले आंबे खाऊन ते वाढायचं. मुलांची शाळेची फी, लग्न, आजारपण, मयत, सगळं त्या डुकराच्या विक्रीवर निभायचं. थोडक्यात, ती घराची बँक होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेटावर आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग आला. तो उत्तर अमेरिकेत पसरू नये म्हणून अमेरिकेच्या पुढाकाराने आणि पैशाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातली गावठी डुकरं मारून टाकण्यात आली. बदल्यात अमेरिकेतून गुबगुबीत डुकरं आली. त्यांना स्वच्छ पाणी, विकतचं खाद्य आणि सिमेंटची जमीन लागायची. शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरात यांतलं काही नव्हतं. लोक त्या डुकरांना ‘चार पायांचे राजपुत्र’ म्हणत. ती जगली नाहीत. मी तिथे गेले तेव्हाही म्हाताऱ्या बायका डुकरं गेली त्या वर्षाचा उल्लेख घरातलं माणूस गेल्यासारखा करायच्या. मुलांना शाळेतून का काढलं, याचं उत्तर कित्येक घरांत तेच होतं.

आता तांदूळ. आर्तिबोनित म्हणजे हायतीचं भाताचं कोठार. १९९५ मध्ये, बाहेरच्या दबावाखाली, तांदळावरचा आयातकर ३ टक्क्यांवर आणला गेला. अमेरिकेतला अनुदानित तांदूळ बंदरात इतका स्वस्त उतरू लागला की आमच्या दवाखान्याच्या मागच्या शेतात पिकलेला तांदूळ दारातच महाग ठरला. माणसं शेती सोडून राजधानीच्या झोपडपट्ट्यांत गेली. ते धोरण चूक होतं, अशी कबुली बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे दिली. तोवर शेतकऱ्यांची एक पिढी निघून गेली होती. तुम्ही पाठवलेलं तांदळाचं पोतं त्या बाजारात त्याच शेतकऱ्याच्या पोटावर येईल. जुन्या कपड्यांचंही तसंच. त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तिथे येतात, त्यांना ‘पेपे’ म्हणतात आणि त्यांच्यापुढे गावचा शिंपी टिकत नाही.

औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे. दान दिलेलं औषध तिथे पोचताना त्याची मुदत संपायला निदान एक वर्ष तरी उरलेलं असावं. घरोघरी गोळा केलेल्या अर्ध्या पाकिटांत हे बसत नाही. असे खोके उघडून, निवडून, जाळण्यात परिचारिकांचे दिवस जातात.

अनाथाश्रमाबद्दल तर हात जोडून सांगते, थांबा. हायतीतल्या अनाथाश्रमांमधल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. खायला घालता येत नाही, फी भरता येत नाही, म्हणून ती मुलं तिथे असतात. परदेशातून पैसा आश्रमाला येतो, घराला येत नाही, म्हणून आई मूल आश्रमात सोडते. २०१० च्या भूकंपानंतर काही आठवड्यांतच एका अमेरिकी चर्च-गटाला ३३ मुलांसह सीमेवर अडवलं होतं. ‘अनाथ’ म्हणून नेल्या जाणाऱ्या त्या मुलांपैकी अनेकांचे आईबाप जिवंत निघाले. त्या गटाचा हेतू काय होता, याचा निवाडा मी करत नाही. त्या आयांना मात्र कुणी नीट विचारलं नव्हतं.

मग करायचं काय? पैसे द्या, आणि ते पगाराला द्या. हायतीची परिचारिका, हायतीचा शिक्षक, हायतीचा गवंडी. जाहिरातीत पगाराचा फोटो चांगला दिसत नाही, म्हणून पगाराला पैसे देणारे फार थोडे भेटतात.

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत दोन आठवडे जाऊन मित्रांसोबत शाळेची इमारत बांधायला मदत करावी, असं वाटतं. (एक विद्यार्थी)

उत्तर : नको. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात मृतांचा सरकारी आकडा ३ लाखांच्या वर गेला. भूकंपाइतकंच निकृष्ट काँक्रीट आणि नियमांविना उभ्या राहिलेल्या इमारतींनी त्या माणसांना मारलं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. शिकाऊ हातांनी सुट्टीत रचलेल्या भिंतीखाली मुलं बसवायची नसतात. पदवी पूर्ण कर, भूकंपरोधक बांधकाम शीक, मग दोन वर्षांसाठी जा आणि तिथल्या अभियंत्याच्या हाताखाली काम कर.

प्रश्न : स्पष्ट विचारतो, राग मानू नये. उपाशी माणसाला भाकरी द्यायची आणि सोबत आपला धर्म द्यायचा, ही सेवा कशी? (एक वाचक)

उत्तर : दादा, राग कसला? हा प्रश्न प्रत्येक मिशनऱ्याने रोज स्वतःला विचारावा.

हायतीत बहुसंख्य लोक आधीपासूनच ख्रिस्ती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांच्या घरी व्होडूची परंपराही आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी जपलेला हा धर्म आहे. १७९१ मध्ये ज्या उठावातून हायतीचं स्वातंत्र्य आलं, त्याची सुरुवात व्होडूच्याच एका मेळाव्यातून झाली, असं तिथे मानतात. आमच्या कॅथलिक चर्चने १९४१-४२ मध्ये सरकारच्या साथीने या धर्माविरुद्ध मोहीम चालवली, देव्हारे मोडले, ढोल जाळले. तो अन्याय होता. तिथे काम करणाऱ्या प्रत्येक भगिनीला तो शिकवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. २००३ मध्ये सरकारने व्होडूला धर्म म्हणून अधिकृत मान्यता दिली.

आमच्या दवाखान्यात केसपेपरवर धर्माचा रकाना नव्हता. रोगी आधी झाडपाल्याच्या औषधवाल्याकडे जाऊन आला असेल, तर त्याने काय दिलं हे आम्ही नीट विचारायचो, कारण सलाइन लावण्याआधी ते कळणं गरजेचं असतं. ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्याच आर्तिबोनित नदीतून कॉलरा आला. हायतीत निदान शंभर वर्षं तो कुणी पाहिला नव्हता. वरच्या अंगाला, मिरबालेजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांची छावणी होती. तिथलं मैलापाणी नदीच्या उपनदीत गेलं आणि त्यातून साथ पसरली, हे पुढे सिद्ध झालं. सुमारे ८ लाख लोकांना लागण झाली, १० हजारांच्या आसपास मेले. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडलं. साथ कुठून आली हे लोकांना कुणी सांगत नव्हतं, तेव्हा जमावांनी व्होडूच्या पुजाऱ्यांवर संशय घेतला आणि ४० हून अधिक जणांना ठार मारलं. त्या दिवसांत आमच्या धर्मग्रामाचे (चर्चच्या स्थानिक विभागाचे) फादर, स्वतः हायतीचे, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना संपल्यावर एका वृद्ध पुजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे, सगळ्या गावाला दिसेल असे. त्यांच्या हातात धर्मग्रंथ नसायचा, मीठ-साखरेच्या पाण्याचा जग असायचा. दादा, मी ज्याला सेवा म्हणते ती ही. भाकरीच्या बदल्यात कुणी प्रार्थना मागत असेल, तर तुमच्याइतकाच माझाही त्याला विरोध आहे.

प्रश्न : परक्या देशात मिशनऱ्याने राजकारणावर बोलावं की गप्प राहून रोग्यांची सेवा करावी? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, गप्प राहणं हेही तिथे राजकारणच ठरतं. हुकूमशहा दुव्हालिए बापलेकांची सत्ता १९५७ ते १९८६ चालली. बोलणाऱ्या धर्मगुरूंना देशाबाहेर काढलं गेलं, १९६४ मध्ये जेझुइट संघाच्या धर्मगुरूंना हाकललं. मार्च १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले आणि इथे काहीतरी बदललं पाहिजे, असं जाहीरपणे म्हणाले. तेवढ्या शब्दांनी लोकांना बळ आलं. वस्त्यांमधले छोटे प्रार्थनागट आणि कॅथलिकांचं रेडिओ केंद्र यांतून ते पसरलं, तीन वर्षांत हुकूमशहा पळाला.

दुसरी बाजूही आहे. फादर आरिस्टिड यांचं चर्च सप्टेंबर १९८८ मध्ये मिस्सा चालू असताना हल्लेखोरांनी जाळलं, माणसं मारली. १९९० ची निवडणूक जिंकून ते राष्ट्राध्यक्ष झाले, वर्षभरात लष्कराने उलथवले, पुन्हा आले, पुन्हा गेले. त्यांच्यावरून तिथली घरं आजही दुभंगतात. ते मात्र त्या मातीतले होते, तो त्यांचा हक्क होता. परदेशी माणसाने पक्ष घेऊ नये, उमेदवार सांगू नये. डोळ्यांनी पाहिलेलं मात्र बोलावं : किती जखमी आले, गोळ्यांच्या जखमा होत्या का, पोलीस किती वाजता आले. आम्ही हे नोंदवहीत तारखेसह लिहायचो आणि तिथल्या बिशपांच्या न्याय-शांती आयोगाकडे द्यायचो. ते कधी जाहीर करायचं, हे तेच ठरवायचे. बोलून झाल्यावर आम्हाला विमान मिळतं, त्यांना त्याच घरात झोपायचं असतं.

आणि सर, तिथल्या गरिबीबद्दल बोलायचं, तर १८२५ पासून बोलावं लागतं. स्वतःला स्वतंत्र करून घेतलेल्या गुलामांकडून फ्रान्सने त्यांच्या जुन्या फ्रेंच मालकांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक मागितले, पुढे ते ९ कोटी केले. त्यासाठी काढलेली कर्जं फेडता फेडता १९४७ उजाडलं. हायतीचे लोक आळशी आहेत, असं आमच्याच माणसांकडून ऐकते तेव्हा हा हिशेब मी त्यांच्यापुढे ठेवते.

प्रश्न : तुम्ही परतल्यावर दवाखान्याचं काय झालं? बंद पडला का? (अनेक वाचक)

उत्तर : नाही. लापशी आणणारी ती परिचारिका आता तो चालवते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी टोळीने खोऱ्यातल्या पाँ-सोंदे गावावर हल्ला करून ७० हून अधिक लोक मारले, हजारो माणसं किनाऱ्यावरच्या सँ-मार्ककडे पळाली. तेव्हा तिने दवाखान्यातली माणसं आणि शीतपेटीतल्या लशी मोटरसायकलींवरून हलवल्या आणि एका शाळेच्या वर्गात काम सुरू केलं. राजधानीचा रस्ता टोळ्यांच्या हातात आहे, त्यामुळे औषधं उत्तरेच्या काप-आयसियन बंदरातून येतात आणि उशिरा येतात. आम्ही दर रविवारी फोनवर बोलतो. लशी किती उरल्या, कोणत्या बाईचे दिवस भरले, हे ती सांगते. मी सल्ला देत नाही, तिने विचारलं तरच बोलते.

मदत कुठे द्यावी असं विचारणाऱ्यांना संस्थेचा खातेक्रमांक संपादकांकडे मिळेल. पावतीवर ‘पगार’ असं लिहा, म्हणजे ते पैसे दुसरीकडे वळवता येणार नाहीत. तिच्यासोबत सहा जणी काम करतात आणि त्यांचे दोन महिन्यांचे पगार थकले आहेत.